बैठकीला बसणाऱ्यांनी क्वार्टेट ऐकायला का जावं (आणि नरिमन पॉइंटहून परत कसं यावं)

मंद्रसप्तक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

पाऊस सरला की मुंबईत परदेशी वाद्यसंच येऊ लागतात आणि मार्चपर्यंत त्यांची ये-जा चालू राहते. मोठे ऑर्केस्ट्रा थोडे, छोटे संच जास्त. स्ट्रिंग क्वार्टेट (दोन व्हायोलिनं, त्याहून जरा मोठा व्हायोला आणि एक चेलो), पियानो ट्रिओ, कधी क्लॅरिनेट घेऊन आलेली मंडळी. बरेचसे कार्यक्रम नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात, अधूनमधून ऑपेरा हाउसला किंवा एखाद्या चर्चमध्ये. जाहिरात इंग्रजीत, बातमी आलीच तर इंग्रजी पेपरात. सभागृहात आजूबाजूला पाहावं तर ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या पारशी आज्या, व्हायोलिनची पेटी पाठीला लावलेली वांद्र्याची पोरं, वकिलातींतली माणसं. मराठी कानावर पडतं ते बहुधा दारावरच्या माणसाचं.

माझं म्हणणं सरळ आहे. सिम्फनी कुणाला आवडते, कुणाला नुसता गोंगाट वाटतो, त्याबद्दल वाद नाही. पण दादरला, पार्ल्याला, ठाण्याला सतरंजीवर मांडी ठोकून विलंबित ऐकणाऱ्या माणसानं निदान एक क्वार्टेट समोर बसून ऐकावं. यूट्यूबवर नव्हे, समोर. त्यात कंडक्टर नसतो, माइक नसतो (नसावा तरी), आणि प्रत्येक सुरावटीमागे एकच माणूस असतो. कोण कुणाला जागा देतो, कोण मुद्दाम मागे राहतो, सगळं दिसतं. आपण तबलजीकडे आणि पेटीवाल्याकडे ज्या नजरेनं बघतो तीच नजर इथे कामाला येते.

मागच्या आठवड्यात ऐकलेल्या क्वार्टेटचंच सांगतो. युरोपातून आलेले चौघे, तिशीतले. मी दुसऱ्या रांगेत, डाव्या अंगाला. पहिला व्हायोलिनवाला सुरू करताना नाकानं जोरात श्वास घ्यायचा, तो आम्हाला स्पष्ट ऐकू यायचा, आणि त्या श्वासावर चौघांचे बो (गज) एकदम तारेवर पडायचे. चेलोवाल्यानं आल्या आल्या खुर्चीच्या पायाला एक पट्टा अडकवला आणि वाद्याचा खालचा टोकदार दांडा त्यात रोवला. नाहीतर गुळगुळीत स्टेजवर चेलो पुढे पुढे सरकतो म्हणे. कागद कुणापुढेच नाहीत, चौघांसमोर टॅबलेट आणि पान उलटायला पायाशी पेडल.

सुरुवात हायडनच्या ऑपस (म्हणजे रचनाक्रमांक) ३३ मधल्या दुसऱ्या क्वार्टेटनं झाली, १७८१ सालचं. त्यातला संथ भाग व्हायोला आणि चेलो दोघंच उघडतात, दोन्ही व्हायोलिनं गप्प. तेवढा वेळ पहिला व्हायोलिनवाला डोळे मिटून मान डोलावत बसला होता. साथीदाराला मुख्य कलाकार जशी दाद देतो तशीच. मग तीच सुरावट दोन्ही व्हायोलिनं उचलतात, तेव्हा ती आपण आधी खालच्या पट्टीत ऐकलेली असते आणि म्हणूनच आणखी लागते.

शेवटच्या भागात हायडननं श्रोत्यांची फिरकी घेतली आहे. सुरावट संपते असं वाटतं, थांबते, पुन्हा एक तुकडा येतो, पुन्हा थांबते. मग लांबलचक शांतता. टाळ्या सुरू झाल्या. चौघे बो हवेत धरून तसेच बसले. टाळ्या ओशाळून थांबल्यावर त्यांनी सुरुवातीचाच तुकडा हळूच वाजवला आणि हसत उठले. जवळजवळ अडीचशे वर्षांचा विनोद, अजून बरोबर लागू पडतो.

त्यानंतर शोस्ताकोविचचं आठवं, आणि मध्यांतरानंतर बीथोवनचं ऑपस १३२. त्याबद्दल कुणाला रस असेल तर लिहीन. पुढच्या महिन्यात एक संच मेसियाँ या फ्रेंच संगीतकाराचं 'क्वार्टेट फॉर द एंड ऑफ टाइम' वाजवणार आहे. इथलं कुणी जातं का असल्या कार्यक्रमांना?

पार्ल्याची_चिमणी

वाचतेय. मी जात नाही, पण जायचं मनात आहे. खरं सांगू का, अडचण संगीताची नाही, साडेनऊला नरिमन पॉइंटहून निघून घरी कधी पोचणार याची आहे. आणि कपडे काय घालायचे हो?

कणसूर

छान लिहिलंय, पण पटलं नाही. आपल्याकडे कलाकार स्टेजवर बसल्यावर राग मांडतो, काल मांडला तसा आज मांडत नाही. इथे सगळं दोनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं, टॅबलेटवर बघून वाजवायचं. त्यात संगत कुठून आली? शिवाय 'वा' म्हणायचं नाही, मध्येच टाळी वाजवायची नाही, खोकला आला तर तो भाग संपेपर्यंत दाबून ठेवायचा. दहावीच्या पेपराला बसल्यासारखं ऐकायचं, वर त्याला तिकीट.

बोलआलाप

कणसूर +१. खोकल्यासाठी खास.

खर्ज

थोडी भर घालतो. मी चेलो शिकतो (वयाच्या मानानं फार उशिरा, तो विषय वेगळा).

कणसूर, कागदावर काय लिहिलेलं असतं आणि काय नसतं ते बघा. स्वर आणि लय लिहिलेली असते. स्वर नेमका किती चढा-उतरा लावायचा ते लिहिता येत नाही, आणि क्वार्टेटचा अर्धा जीव त्यातच आहे. पेटीचा गंधार चढा असतो हे इथल्या कुणाला सांगायला नको. तंबोऱ्यातून ऐकू येणारा गंधार आणि पेटीवरचा गंधार यांत सुमारे १४ सेंटचा फरक, म्हणजे अर्ध्या स्वराचा साधारण सातवा भाग. आकाशवाणीनं १९४० साली पेटीला दार बंद केलं त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता. पियानोची तीच गत. पण व्हायोलिन, व्हायोला, चेलोला पडदे नाहीत. त्यामुळे क्वार्टेट जेव्हा एखाद्या स्वरसमूहावर (एकदम वाजणाऱ्या स्वरांवर) येऊन थांबतं तेव्हा ज्याच्या वाट्याला गंधार आलाय तो माणूस बोट किंचित मागे घेतो आणि चौघांचा आवाज एकदम मिटल्यासारखा होतो, एकच वाद्य वाजतंय असा. तालमीत याच्यावर तासन् तास जातात. कोणता गंधार कुठे, हे ठिकाणानुसार बदलतं. सुरावटीत तोच स्वर जरा चढा हवा असतो, थांब्यावर उतरा.

पुढच्या वेळी एक करा. आधी नुसतं क्वार्टेट ऐका आणि त्याच संध्याकाळी पियानो घेऊन क्विंटेट (पाच जणांचं) असेल तर तेही ऐका. पियानो आला की बाकीच्या चौघांना त्याच्या गंधाराशी तडजोड करावी लागते. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. पाश्चात्त्य संगीताच्या कोर्सला जायची गरज नाही.

कणसूर

हे नवीन कळलं. पेटीवरून बोलणं आलं म्हणजे तुम्ही मला बरोबर पकडलंत. पण माझा मुख्य मुद्दा राहिलाच, उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं, कुठे आहे?

मंद्रसप्तक

उपज नाही. ती शोधायला गेलात तर निराश व्हाल, आणि हे मी आधीच मान्य करतो. बंदिश मात्र आहे. आणि बंदिशीच्या पोटात काय काय दडवता येतं ते बीथोवननं जसं दाखवलंय तसं कुणी दाखवलेलं नाही, असं माझं प्रामाणिक मत.

ऑपस १३२ चं सांगतो. १८२५ साली तो मोठ्या दुखण्यातून उठला आणि या क्वार्टेटचा मधला भाग त्यानं देवाचे आभार म्हणून लिहिला. वर स्वतःच लिहून ठेवलंय की हे लिडियन पद्धतीत आहे. पेटी असेल त्यांनी बसा पेटीपाशी. पांढरी चारला सा धरा आणि काळ्या पट्टीला हात लावू नका. मध्यम आपोआप तीव्र येतो. झाला कल्याण थाट. पंधरा-वीस मिनिटांच्या त्या भागातला स्तोत्राचा पट्टा तो पूर्ण वेळ पांढऱ्या पट्ट्यांवर ठेवतो. मध्ये मध्ये 'नवी शक्ती जाणवते' असं लिहून एक चपळ तुकडा येतो, तो पट्टी बदलून, आणि पुन्हा तेच स्तोत्र, पण दर वेळी जास्त गुंतलेलं. त्या संध्याकाळी तिसऱ्यांदा स्तोत्र आलं तेव्हा त्यांनी बो जवळजवळ न दाबता, कंप न देता स्वर लावले. सपाट, आपला तंबोरा लागतो तसे. बीथोवन तोवर पूर्ण बहिरा झाला होता हे वेगळं सांगायला नको.

बोलआलाप

म्हणजे बीथोवनचा यमन.

खर्ज

नका हो नका. यमन नाही. यमनातली एकही चाल तिथे नाही, नि रे ग नाही, पकड नाही. एका वेळी चार-चार स्वर वाजतायत, त्यातलं प्रत्येक चालणं कुठेतरी पोचण्यासाठी आहे. थाट जुळला म्हणून राग शोधत बसलात तर समोर जे चाललंय ते निसटेल. 'अमक्या सिम्फनीत भैरवी सापडली' छापाच्या व्हॉट्सअॅप फॉरवर्डांनी आधीच वैताग आणलाय.

मंद्रसप्तक

खर्ज, मान्य. पेटीपाशी बसा म्हणालो ते ओळख व्हावी म्हणून. दारातून आत या, मग दार विसरा.

माहीमचे_आजोबा

धागा आवडला. जरा जुनं सांगतो, तरुण मंडळींनी चालवून घ्यावं.

तुम्ही म्हणता मराठी माणूस दिसत नाही, ते खरंच. पण हे संगीत मुंबईत काल आलेलं नाही. मेहली मेहतांनी १९३५ साली बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि १९४० साली बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट. त्यांचे चिरंजीव, कंडक्टर झुबिन मेहता यांचं बालपण घरातल्या या तालमी ऐकत गेलं. वडील पुढे मँचेस्टरला हॅले ऑर्केस्ट्रात वाजवायला गेले, तिथून अमेरिकेत फिलाडेल्फियाला कर्टिस क्वार्टेटमध्ये. मेहलींच्या नावाचं प्रतिष्ठान मुंबईत आहे आणि 'संगत' नावाचा चेंबर म्युझिकचा (अशा छोट्या संचांच्या संगीताचा) महोत्सव तेच भरवतं. कणसूर, नाव बघून घ्या.

आमच्या तरुणपणी हे कार्यक्रम काळाघोड्याच्या सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये होत. आता तिथे आधुनिक कलेची राष्ट्रीय गॅलरी आहे, १९९६ पासून. मी पहिलं क्वार्टेट तिथेच ऐकलं, ऑफिसातल्या एका पारशी साहेबानं जास्तीचं तिकीट हातात कोंबलं म्हणून.

आणि आपल्या घराघरात हे संगीत दुसऱ्या दारानं आलेलंच आहे. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला व्हायोलिन, व्हायोला, चेलो वाजवणारे बहुतेक गोव्याचे. अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं मोठं नाव. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली गोन्साल्विसनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढून रागांवर बांधलेल्या स्वतःच्या रचना वाजवल्या, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. दिवसा स्टुडिओत गाण्याचे तुकडे वाजवायचे आणि संध्याकाळी एखाद्याच्या घरी चौघांनी जमून मोझार्ट वाजवायचा, अशी ही माणसं. तिकीट नाही, श्रोते नाहीत. तुमची बैठक ती हीच.

पार्ल्याची_चिमणी

आजोबा, किती छान! अजून लिहा ना, वेगळा धागाच काढा.

ठाकुर्ली_लोकल

मी अधूनमधून जातो, तेव्हा कामाचं लिहितो.

कपडे: काहीही. चपला घालून गेलो तरी कुणी हाकलत नाही. एसी मात्र कडक असतो, शाल ठेवा.

उशीर: दार बंद झालं की पहिला तुकडा संपेपर्यंत बाहेर. चेंबर म्युझिकला हे जास्त कडकपणे पाळतात, आणि बरोबरच आहे.

टाळ्या: कार्यक्रमपत्रिकेत किती भाग आहेत ते आधी बघून ठेवा, किंवा सरळ वादक बो खाली घेऊन उभे राहीपर्यंत थांबा.

जाणं-येणं: चर्चगेटहून शेअर टॅक्सी मिळते. परतताना टॅक्सीची रांग मोठी असेल तर मरीन ड्राइव्हवरून चालत चर्चगेट गाठा, हवा छान असते. मेट्रो ३ आता पार कफ परेडपर्यंत जाते, विधान भवन स्टेशनवर उतरून चालत जायचं. आम्हा मध्य रेल्वेवाल्यांना सीएसएमटीला बदलता येतं हे मोठंच सुख. परतीला शेवटच्या मेट्रोची वेळ तेवढी पाहून ठेवा. आणि रविवारचा कार्यक्रम असेल तर मेगाब्लॉक.

जागा: छोट्या हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर डोळे मिटून तिकीट काढा. एनसीपीएच्या एक्सपेरिमेंटल थिएटरला ३०० माणसं बसतात, क्वार्टेटला तेवढीच बरी. टाटा थिएटर हजारेक खुर्च्यांचं, पण ते १९८० साली बांधलं तेव्हाच माइकशिवाय आपलं गाणं-वाजवणं ऐकू जावं या हिशेबानं बांधलंय. सिरिल हॅरिस नावाच्या ध्वनितज्ज्ञाचं काम. मागे बसलात तरी ऐकू येतं, फक्त तो नाकाचा श्वास ऐकू येणार नाही.

उपनगरातल्या एका हॉलमध्ये (नाव नको) मात्र क्वार्टेटपुढे चार माइक उभे केले होते. चेलो बासरीएवढा आणि दुसरं व्हायोलिन गायब. मध्यांतरात उठलो.

खर्ज

माइकवाल्या हॉलला माझाही नमस्कार.

अवांतर: परदेशी वादकांची मुंबईत सगळ्यात मोठी डोकेदुखी हवा. वाद्याचं पोट स्प्रूस लाकडाचं, पाठ मेपलची, दोन्ही दमटपणा पितात. बाहेर घाम, आत गारठा, लाकूड फुगतं-आकसतं आणि खुंट्या एक तर घट्ट बसतात नाहीतर सुटतात. त्यामुळे दोन भागांच्या मध्ये पुन्हा पुन्हा स्वर जुळवताना दिसतील. आपल्याकडे तंबोरे मिळवताना कुणी घड्याळ बघत नाही, इथेही बघू नका.

तिहाई

मेसियाँचा उल्लेख झाला म्हणून आले. मराठी माणसानं या कार्यक्रमाला जायलाच हवं, आणि त्याचं कारण औरंगाबादजवळ आहे.

शार्ङ्गदेव. तेराव्या शतकात देवगिरीला, यादवराजा सिंघणाच्या दरबारी हिशेबाचा मोठा अधिकारी. आजोबा काश्मिरातून दक्षिणेत आलेले. त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला आणि त्यात १२० देशी तालांची यादी दिली. ती यादी विसाव्या शतकात एका फ्रेंच संगीतकोशात छापली गेली आणि विद्यार्थी असलेल्या मेसियाँच्या हाती लागली. त्यानं ती आयुष्यभर वापरली.

१९४० साली तो जर्मनांच्या कैदेत पडला. ग्योर्लिट्झची युद्धकैद्यांची छावणी. तिथे त्याच्या सोबतीला एक क्लॅरिनेटवाला, एक व्हायोलिनवाला आणि एक चेलोवाला कैदी होता, हा स्वतः पियानोवर. १५ जानेवारी १९४१ ला कैद्यांपुढे आणि पहारेकऱ्यांपुढे हे क्वार्टेट पहिल्यांदा वाजलं. चेलोला तीनच तारा होत्या असं मेसियाँ पुढे सांगत असे. खुद्द चेलोवादक पास्किये म्हणत असे, छे, चारही होत्या. कलाकारांच्या आठवणी सगळीकडे सारख्याच.

आता पहिला भाग ऐका. पियानोला १७ मात्रामूल्यांची (लहान-मोठ्या काळांची) एक साखळी दिलीय, ती शार्ङ्गदेवाचे तीन ताल एकापुढे एक जोडून केलेली: रागवर्धन, चंद्रकला, लक्ष्मीश. त्याच पियानोला स्वरसमूह दिलेत २९, ते वेगळ्या फेऱ्यात फिरतात. १७ आणि २९ कशानंच भागत नाहीत, तेव्हा दोन्ही फेऱ्या पुन्हा एकत्र सुरू व्हायला ४९३ जागा लागतील. तेवढ्या नाहीतच, भाग त्याच्या कितीतरी आधी संपतो. चेलोचा तिसराच फेरा, १५ चा. वर क्लॅरिनेट आणि व्हायोलिन पक्ष्यांसारखी बोलतात.

मी तबला शिकलेली आहे. हात मांडीवर ठेवून सम शोधत होते, आणि ती येत नाही. येणारच नाही अशी सोय करून ठेवलीय.

कणसूर

सम न येणारा ताल. आणि तोही देवगिरीचा. शार्ङ्गदेवानं हिशेब मागितला असता.

पण तिहाईताई, हे चाळीस वर्षं गाणं ऐकणाऱ्या मला आजवर कुणीच का सांगितलं नाही? 'संगीतरत्नाकर'वर तीन व्याख्यानं ऐकलीत मी.

तिहाई

कारण 'संगीतरत्नाकर'वाले मेसियाँ ऐकत नाहीत आणि मेसियाँवाल्यांना देवगिरी नकाशावर दाखवता येत नाही. दोघांच्या मध्ये जागा रिकामी आहे, या बसायला.

बोलआलाप

तिहाईताईंच्या प्रतिसादाला दंडवत. वाचनखूण साठवली.

कणसूर

शोस्ताकोविचबद्दल कुणी लिहिलंच नाही. काल रात्री ते आठवं यूट्यूबवर लावलं (समोर नव्हे, माहीत आहे). सुरुवातीचे चार स्वर डोक्यातून जात नाहीयेत.

मंद्रसप्तक

ते चार स्वर म्हणजे त्याची सही. नावातली जर्मन अक्षरं घेऊन केलेली. पांढरी एकचा सा धरलात तर रे, कोमल ग, सा, मंद्र नी. १९६० साली तीन दिवसांत लिहिलं, पाचही भाग न थांबता जोडलेले, अर्पण फॅसिझमच्या आणि युद्धाच्या बळींना. पण प्रत्येक भागात सही त्याचीच. चौथ्या भागात तीन-तीन ठोके येतात, त्याला कुणी विमानविरोधी तोफा म्हणतं, कुणी रात्री दार ठोठावणारे पोलीस. माझं मत विचाराल तर अर्थ लावायच्या आधी समोर ऐका. वादक एकदम बो तारेवर आपटतात तेव्हा रोझिनची (बोला लावायच्या राळेची) पूड उडताना दिसते.

कणसूर

बरं. मेसियाँला येतो. उपज नसल्याची तक्रार मात्र कायम आहे, मध्यांतरात पुन्हा करीन.

पार्ल्याची_चिमणी

मीही. दोन तिकिटं काढतेय, आई येईल. तिला मेसियाँ झेपेल का हो? ती नाट्यसंगीतवाली आहे.

तिहाई

तिसरा भाग एकट्या क्लॅरिनेटचा आहे. एक स्वर शून्यातून निघून फुगत फुगत असह्य होईपर्यंत वाढतो. नाट्यसंगीतवाल्यांना दमसास कळतो. आईंना आणाच.

माहीमचे_आजोबा

मी येईन. रात्री परतताना कुणीतरी दादरपर्यंत सोबत करा म्हणजे झालं.

ठाकुर्ली_लोकल

आजोबा, मी आहे ना. सीएसएमटीहून दादरपर्यंत बरोबरच जाऊ, तिथून तुम्हाला टॅक्सीत बसवून मी पुढची गाडी पकडतो. बाकीच्यांनी साडेसहाला फॉयरमध्ये भेटायचं. कॅफेत बटाटावडा मिळत नाही, खाऊन या.